तळ्यावरचं वऱ्हाड

डॉक्टरांनी यांच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता हा घरी ठेवून द्या, दाऊदभाई. कडक उन्हात हवा तर घाला. नाहीतर खुशाल बघा सगळीकडं."

आमच्या दाऊदमियाँनी सगळ्यात आधी माझ्याकडं बघितलं. दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशननंतरची ही पहिली मोकळी नजर. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलतील.

"शकीला," ते म्हणाले, "ही ओढणी मी तुला काळी म्हणून दिली होती ना? ही तर वांगी कलर आहे."

डॉक्टर हसले. मीही हसले. कारण या माणसाचं आयुष्यच रंगांत गेलेलं. शहागंजात आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाऊजपीस, फॉल, अस्तर, ओढण्या. साडीचा काठ नुसता दाखवला की दाऊदमियाँ वळूनही न बघता मागच्या कप्प्यातून बरोबर तोच तागा काढायचे. मग मोतीबिंदू आला, आणि आमसुली तपकिरी झाला, मोरपंखी काळा झाला. एका नवरीच्या डाळिंबी शालूला विटकरी ब्लाऊज गेला, तेव्हा तिची आई दुकानात येऊन जे बोलली ते मी इथं लिहीत नाही. मी उर्दू शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या शेजारी उभी राहून रंग सांगायला लागले. तीही नोकरीच होती, फक्त पगार नव्हता.

खाली क्रांती चौकात बद्रीभाऊ गाडी चालू ठेवूनच बसले होते. बद्रीनाथ म्हणजे आमचे शेजारी दुकानदार. त्यांचं भांड्यांचं दुकान आणि आमचं मॅचिंग सेंटर यांच्यात एकच भिंत. दोघं एकाच गल्लीत वाढले, एकाच मैदानात पडले, दोघांच्या गुडघ्यांवर सारख्याच खुणा आहेत.

त्या दिवशी बद्रीभाऊंच्या भाचीचं लग्न होतं. सिल्लोडच्या बाजूला, आतल्या अंगाला खडकवाडी म्हणून त्यांच्या बहिणीचं गाव आहे, तिथं. आदल्या दिवशीची हळद करून ते खास आमच्यासाठी शहरात परत आले होते. त्यांच्या घरचे सगळे तिकडंच राहिले होते. मी म्हटलं होतं, "बद्रीभाऊ, आम्ही बसनं येऊ. तुम्ही मामा आहात. नवरीला मांडवात तुम्ही आणायचं."

"म्हणून काय झालं, भाभी? डोळे उघडल्याच्या पहिल्याच दिवशी त्याला बसमधी धक्के खायला लावू व्हय? दुपारचा मुहूर्त आहे. आरामात पोचतो."

आता मात्र त्यांचा चेहरा आरामाचा नव्हता. वाहतूक पोलिसानं त्यांना चौकातून दोनदा फिरवून आणलं होतं.

"बसा लवकर! झालं का बघून?"

"आत्ता तर सुरू झालं," दाऊदमियाँ म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले.

हर्सूल मागं पडेपर्यंत त्यांनी दुकानांच्या पाट्या वाचल्या. मोठ्यानं, सगळ्या. एका हॉटेलच्या भिंतीचा रंग त्यांना आवडला, एका बंगल्याचा अजिबात आवडला नाही. बद्रीभाऊ नुसते "हं, हं" करत गाडी पळवत होते. मग वस्ती संपली, दोन्ही बाजूंना शेतं लागली, गहू पिवळा पडत आलेला, मका अजून हिरवा. वाचायला पाट्या उरल्या नाहीत. मला वाटलं, आता दमतील.

"बद्री, थांब!"

बद्रीभाऊंनी असा ब्रेक मारला की मागच्या सीटवरचा माझा डबा माझ्या पायावर आला.

"काय झालं? डोळ्यात काय गेलं का?"

"तारेवर बघ. काहीतरी बसलंय."

रस्त्याकडेच्या विजेच्या तारेवर एक पक्षी बसला होता. मळकट, तपकिरी, मान आखडून बसलेला. एखाद्या कचेरीत काम नसलेला माणूस बसतो तसा.

बद्रीभाऊंनी त्याच्याकडं बघितलं. मग दाऊदमियाँकडं बघितलं. "याच्यासाठी? अरे, तिकडं माझी बहीण दारात उभी आहे. आणि तू मला साळुंकी दाखवतो?"

"साळुंकी नाही ही. याच्या पोटाजवळ कुठलातरी रंग लपलाय. मला दिसला."

तेवढ्यात त्या पक्ष्याला खाली गवतात किडा दिसला असावा. त्यानं तारेवरून अंग सोडलं आणि पंख उघडले.

मी शिक्षिका होते, मला शब्दांची कमतरता पडत नाही. पण तेव्हा तोंडातून फक्त "या अल्ला" निघालं. त्या मळकट पक्ष्याच्या आत एवढं निळं भरलं होतं की गाडीच्या काचेवरसुद्धा त्याची झळक उमटली असं मला वाटलं. किडा धरून तो परत तारेवर गेला, पंख मिटले, आणि पुन्हा मळकट होऊन बसला.

"फिरोजी," दाऊदमियाँ हळूच म्हणाले. "नाही, नाही. मधी फिरोजी आणि कडेला शाईसारखा निळा. बद्री, मी आयुष्यभर बायकांना सांगत आलो, हे दोन रंग एका ब्लाऊजला लावू नका, वाईट दिसतात."

"चास आहे तो," बद्रीभाऊ म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता. "दसऱ्याला दिसला की शुभ म्हणून आमचा आजा शोधायचा. मी या रस्त्यानं दर आठवड्याला शेतावर जातो. कधी वर बघितलंच नाय."

पण लगेच त्यांना मुहूर्त आठवला. गाडी सुरू करून त्यांनी कायदा केला. आता थांबायचं नाही. काय दिसेल ते चालत्या गाडीतून सांगायचं, सगळ्यांनी चालत्या गाडीतून बघायचं.

"हौ, कबूल," दाऊदमियाँ म्हणाले.

कबूल म्हणजे त्यानंतर गाडीत समालोचन सुरू झालं. "डावीकडं मुंगूस. शेपटीला पांढरट छटा. शकीला, दिसलं? गेलं." "वर बघा, वर! ती घार नाही, एकाच जागी पंख हलवत हवेत टांगून राहिलीय." "बांधावर मोर. तीन लांडोरी. मोराला मी काय सांगणार, त्याच्या नावाचाच रंग आहे आपल्याकडं." मी एकदा डावीकडच्या खिडकीला, एकदा उजवीकडच्या, अशी सरकत होते. बद्रीभाऊ समोर बघत गाडी चालवत असल्याचं दाखवत होते. पण मोराच्या वेळी त्यांची मान वळलेली मी आरशात बघितली.

आळंदच्या अलीकडं मात्र सगळ्यांनाच थांबावं लागलं. पुढं कापसाचा ट्रक कलंडला होता. कुणाला लागलं नव्हतं. ड्रायव्हर कडेला बसून चहा पीत होता, पण रस्ताभर कापूस पसरला होता आणि वाहनांची रांग पार वळणापर्यंत आली होती. वाऱ्यानं कापसाचे पुंजके उडून बाभळींना लागले होते.

बद्रीभाऊंचा फोन वाजला. बहीण होती, द्वारकाताई. आवाज मागच्या सीटपर्यंत येत होता.

"दादा, कुठं आहेस?"

"हे काय, सिल्लोडात शिरलोच," बद्रीभाऊ म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "बद्रीभाऊ, सिल्लोड अजून बरंच लांब आहे."

"भाभी, नवरीच्या आईला खरं सांगायची वेळ नाय ही."

कुणीतरी म्हणालं, मागं वळून उजव्या हाताच्या कच्च्या रस्त्यानं गेलं की आतून निघता येतं. चार-दोन गाड्या तिकडं वळल्या. आम्हीही वळलो. थोड्या वेळानं त्या गाड्या एकेक करून कुठं गेल्या कळलं नाही. आम्ही एकटेच उरलो. रस्ता अरुंद होत गेला. दोन्ही बाजूंना मका, मग कांदा, मग माळ. माळावर पळस फुलला होता. एक पान नाही, नुसता केशरी. आणि फुलांमध्ये शेकडो भोरड्या चोची घालून कलकलाट करत होत्या.

"गुलाबी कोट आणि काळी टोपी," दाऊदमियाँ म्हणाले. "बद्री, नवरदेवाकडच्यांनी असा कपडा घेतला असता तर मी नको म्हटलं असतं. पण या झाडावर शोभतंय."

"मला रस्ता बघू दे, मित्रा," बद्रीभाऊ काकुळतीला येऊन म्हणाले.

रस्ता बघायला लागणारच होता, कारण पुढच्या वळणावर रस्त्यात एक रोही उभा होता.

मी नीलगाय चित्रात बघितली होती. चित्रात ती एवढी मोठी वाटत नाही. हा नर होता, घोड्याएवढा, राखी-निळा, गळ्याखाली केसांचा झुपका, चारही पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे पट्टे. तो रस्त्याच्या बरोबर मध्ये आडवा उभा राहून आमच्याकडं बघत होता. टोलनाक्यावरचा माणूस बघतो तसा.

बद्रीभाऊंनी हॉर्न वाजवला. रोहीनं एक कान हलवला.

"यंदा माझा अर्धा मका यांनीच खाल्ला," बद्रीभाऊ दात खात म्हणाले. "आणि आता माझ्याच भाचीच्या लग्नाला आडवा येतो व्हय?" असं म्हणून ते दार उघडून खाली उतरले. हात वर करून ओरडले, "हाऽऽड! हो बाजूला!"

रोहीनं मान खाली घातली आणि नाकातून असा फुर्रकन आवाज काढला की बद्रीभाऊ उतरले त्याच्या दुप्पट वेगानं आत आले. दार लावलं. काचही वर केली.

"काय म्हणाला?" दाऊदमियाँनी विचारलं.

मला हसू आवरेना. ओढणी तोंडात धरली तरी आवाज बाहेर आलाच. बद्रीभाऊ आधी रागानं माझ्याकडं बघत होते, मग त्यांचे खांदे हलायला लागले. आम्ही तिघं हसत असताना मक्यातून रोहीच्या माद्या निघाल्या, बदामी रंगाच्या, एकीमागं एक. शेवटी एक वासरू. त्याचे पाय अजून त्याच्या अंगाला मोठे होते. ते रस्ता ओलांडताना मध्येच थांबलं, गाडीकडं बघून शेपूट उडवलं आणि आईमागं पळालं. सगळे पार झाल्यावरच तो नर हलला. घाई न करता.

"कुटुंबाचा प्रमुख आहे," दाऊदमियाँ म्हणाले. "सगळ्यांना पुढं घालून मग स्वतः गेला."

"मक्याचं काय ते बोल," बद्रीभाऊ म्हणाले, पण त्यात पहिल्यासारखा जोर नव्हता.

पुढं रस्त्याला दोन फाटे फुटले. बद्रीभाऊ डावीकडं वळले, कारण डावीकडं चाकांच्या खुणा जास्त होत्या. त्या खुणा ट्रॅक्टरच्या निघाल्या. रस्ता एका पाझर तलावाच्या बांधाशी जाऊन संपला. पुढं काहीच नाही. बद्रीभाऊंनी स्टीअरिंगवर कपाळ टेकवलं.

"झालं. मामा तळ्यात आणि नवरी मांडवात."

ते गाडी वळवायला जागा बघत होते, स्वतःला, ट्रकला, रोहीला बोलत होते. दाऊदमियाँ केव्हाच उतरून बांधावर चढले होते. तिथं ते पाठमोरे उभे होते, आणि काहीच बोलत नव्हते. सकाळपासून ते पहिल्यांदाच गप्प होते, म्हणून मला काळजी वाटली. डोळे दुखायला लागले की काय? मी चपला हातात घेऊन बांधावर चढले.

तळं आटत आलं होतं. कडेनं चिखल, मग उथळ पाणी. आणि त्या पाण्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उभे होते. शंभराच्या वर असतील. पांढऱ्यात गुलाबीचा एक थेंब पडून विरघळल्यासारखे. काड्यांसारखे पाय, लांब माना, आणि चोची उलट्या करून पाण्यात घातलेल्या. सगळे एकाच बाजूला हळूहळू सरकत होते. त्यांच्या चालण्याचा फक्त चुळुकचुळुक आवाज येत होता.

"दाऊद! शकीलाभाभी! चला, वळवली गा—"

बद्रीभाऊ बांधावर आले आणि त्यांचं वाक्य तिथंच राहिलं.

आम्ही तिघं उभे होतो. बद्रीभाऊंच्या खिशात फोन वाजायला लागला. त्यांनी तो न बघता हातानं दाबून बंद केला. मी खुणेनं म्हटलं, द्वारकाताई असतील. त्यांनी खुणेनंच म्हटलं, असू दे.

मग पलीकडून एक कुत्रं पाण्यात उतरलं. पक्ष्यांच्या माना एकदम वर झाल्या. ते पाण्यावरून धावायला लागले, आणि उडाले. पंख उघडले तेव्हा आतून जो रंग निघाला तो बाहेरून कुठंच दिसत नव्हता. कडेला काळी किनार आणि आत तो रंग. शेकडो पंखांचा, एकदम. आमच्या डोक्यावरून वळसा घालून ते तळ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उतरले.

"कोणता रे रंग हा?" बद्रीभाऊंनी विचारलं. कुजबुजत.

दाऊदमियाँनी तोंड उघडलं. "गाजरी... नाही. अबोलीत डाळिंबी... नाही." मग त्यांनी मान हलवली. "नाव नाही माझ्याकडं. दुकानात एवढे तागे आहेत, बद्री, पण हा नाही." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी रुमाल दिला. म्हटलं, "चोळू नका, डॉक्टरांनी सांगितलंय." तर म्हणाले, "चोळत नाही. वाहू दे."

बांधाखाली शेळ्या राखत एक म्हातारे गृहस्थ बसले होते, कडूबा नावाचे. आमच्याकडं बघून ते वर आले.

"बघायला आलात व्हय पाखरं?" त्यांना आनंद झालेला दिसला. "पंधरा दिसांपासून हायेत. कुणी येतच नाय बघायला."

"आम्ही रस्ता चुकलो, बाबा," बद्रीभाऊ भानावर आले. "खडकवाडीला जायचंय. लग्नाला."

कडूबांनी कान टवकारले. "आवाज येतो का?"

आम्ही ऐकलं. पाण्यावरून, पार पलीकडच्या झाडांच्या मागून, धडधड-धडधड असा डीजेचा आवाज येत होता.

"तीच खडकवाडी. गाडीनं जाल तर मोठा फेरा. बांधावरून चालत जा. सांडव्यापाशी जरा संभाळून."

बद्रीभाऊंनी एकदा गाडीकडं बघितलं, एकदा आवाजाच्या दिशेला. मग त्यांनी नवीन कोऱ्या पायजम्याच्या कडा दुमडल्या. "चला."

अशी आमची वरात निघाली. पुढं मामा, मध्ये दाऊदमियाँ, मागं डबा आणि चपला घेऊन मी. सांडव्यापाशी संभाळायला सांगितलं होतं, म्हणून बद्रीभाऊंनी मागं वळून आम्हाला "संभाळून" म्हटलं आणि स्वतः एका पायानं गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. दाऊदमियाँनी एक हात धरला, मी दुसरा. पाय बाहेर आला, बूट आत राहिला. तोही काढला. एक पाय पांढरा आणि एक पाय काळा, असे मामा पुढं चालत राहिले.

गावात सगळे मोठ्या रस्त्याला डोळे लावून उभे होते. आम्ही मागच्या बाजूनं, आचाऱ्याच्या चुलींमधून मांडवात शिरलो. भाताच्या वाफेतून पहिल्यांदा द्वारकाताई दिसल्या. त्यांनी भावाकडं बघितलं, पायाकडं बघितलं.

"सिल्लोडात शिरलो म्हणून कवाचा सांगतोस!" त्या कडाडल्या. "सिल्लोड आमच्या मागच्या बांधावर आलं व्हय रे?"

"द्वारका, ऐक तर. तळ्यावर रोहित—"

"कोण रोहित? फोन का बंद केलास?"

तेवढ्यात कुणीतरी पळत येऊन सांगितलं की नवरदेव अजून मारुतीच्या देवळापाशीच आहे, त्याचे मित्र डीजेपुढून हलायला तयार नाहीत. म्हणजे मुहूर्त तसाही टळलाच होता, आणि तो मामामुळं टळला नव्हता. हे कळल्यावर बद्रीभाऊंना एवढा धीर आला की त्यांनी आचाऱ्याकडून एक भजं घेऊन खाल्लं.

पाय धुवायला मात्र वेळ मिळाला नाही. फेटा बांधता बांधता वरात दारात आली. नवरीला, संस्कृतीला, हाताला धरून मामा मांडवात आले. चिखल वाळून पायाला पोपडे धरले होते. मी पुढच्या रांगेत होते. संस्कृती घारी, उंच, सिल्लोडच्या बँकेत नोकरी करणारी मुलगी. अंतरपाटाआड उभी राहून तिनं ओठ न हलवता विचारलं, "मामा, पायाला काय झालं?"

"चिखल," मामांनीही ओठ न हलवता सांगितलं. "तळ्यावर पाखरं आलीत, बाळा. पंखांत असा रंग आहे की दाऊदला नाव सांगता येईना."

"दाऊदमामांना?" संस्कृतीनं मानच वळवली. भटजींनी मंगलाष्टक थांबवून तिच्याकडं बघितलं.

जेवणं झाल्यावर नवरदेव सुयश आणि संस्कृती आमच्या पंक्तीपाशी आले. संस्कृती म्हणाली, "मामा, आम्हाला दाखवा." सुयशही म्हणाला, "फोटोवाला आहेच सोबत." लगेच मोठी माणसं पुढं आली. पाठवणीची वेळ झाली, लांब जायचंय, नवरीनं असं तळ्यावर जायचं का, वगैरे. बोलणं वाढायला लागलं.

नवरदेवाची आजी, साळूबाई, खुर्चीत बसून पान खात होत्या. त्यांनी काठी आपटली. "नातसून न्यायच्या आधी पाखरं आली म्हणता ना तळ्यावर? मग बघायला नको? ट्रॅक्टर जोडा."

आजी बोलल्यावर कुणाला काही बोलता येईना. या बाजूनं तळ्याला शेतातून रस्ता होता. दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत गाद्या टाकल्या. साळूबाई, नवरा-नवरी, करवल्या, दोन्हीकडच्या बायका, सगळे चढले. उरलेले चालत. डीजेवाला पोरगाही गाडी सुरू करून मागं निघाला, तेव्हा बद्रीभाऊ त्याच्यापुढं दोन्ही हात पसरून उभे राहिले. सकाळी रोहीपुढं उभे राहिले होते तसेच, पण या वेळी मागं हटले नाहीत. डीजे गावातच राहिला.

ऊन कलतं झालं होतं. पक्षी आता काठाजवळ आले होते. पाण्यात प्रत्येकाच्या खाली एक उलटा पक्षी. एवढं मोठं वऱ्हाड, पण बांधावर चढल्यावर कुणाला गप्प बसा म्हणावं लागलं नाही. बायकांनी बांगड्या वाजू नयेत म्हणून हात पोटाशी धरले. फोटोवाला नवरा-नवरीकडं कॅमेरा करायचा विसरून पाण्याकडं वळला.

दाऊदमियाँभोवती बायकांचा घोळका जमला. "काका, हा कोणता रंग?" "काका, अशी साडी मिळेल?" ते नुसते हसत होते आणि म्हणत होते, "बघून घ्या. दुकानात मिळणार नाही."

साळूबाई काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, "बाई, कुठून आली म्हणं ही?"

"कच्छहून येतात, आजी. गुजरातच्या पार टोकावरून."

"एवढ्या लांबून? बिनपत्रिकेची?"

"हो."

"आणि जेवायला कोण घालतं यांना?"

"आपलं आपण शोधतात, आजी."

"गुणाची दिसतात," साळूबाई म्हणाल्या आणि पान थुंकायला बांधाच्या दुसऱ्या बाजूला गेल्या, पक्ष्यांकडं पाठ करून.

नवरदेवाच्या गाड्या फेऱ्यानं तळ्यापाशीच आल्या. आता परत गावात कशाला जायचं, असं ठरलं. संस्कृती सगळ्यांच्या पाया पडली, पण पाया पडून घेणाऱ्यांचंही अर्धं लक्ष पाण्याकडंच होतं. दाऊदमियाँनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बद्रीभाऊंनी तिला गाडीत बसवलं. तिनं काचेतून हात हलवला, सगळ्यांनी हलवला, गाडी निघाली, धूळ उडाली. आम्ही पुन्हा तळ्याकडं वळलो.

"अगं बाई!"

द्वारकाताई दोन्ही हात गालांना लावून उभ्या होत्या.

"अगं बाई, मी रडलेच नाय!" त्यांनी भावाचा दंड धरला. "दादा, लेक सासरी गेली आणि मी पाखरं बघत बसले! थांबव, थांबव तिला!"

बद्रीभाऊ, चिखलाच्या पायानं, फेटा सावरत गाडीमागं धावले. त्यांच्यामागं चार-पाच जण ओरडत धावले. गाडी थांबली, मागं आली. संस्कृती घाबरून खाली उतरली. "आई, काय झालं?"

द्वारकाताईंनी तिला मिठी मारली आणि रडायचा प्रयत्न केला, पण त्यांना हसूच यायला लागलं. संस्कृतीही हसायला लागली. दोघी एकमेकींना धरून हसत होत्या, हसता हसता कधी रडायला लागल्या ते आम्हाला कळलं नाही. मग दोघी इतक्या जोरात रडल्या की काठावरच्या पाच-सहा पक्ष्यांनी पाण्यातून चोची बाहेर काढल्या आणि ते माना उंच करून त्यांच्याकडं बघत राहिले.